खालच्या पट्टीतली

अहो, पेटीकडं काय बघताय? इकडं, खुंटीवर बघा. मी गिटार बोलतेय. राहणार कंग्राळी, पूर्वी निपाणी.

माझा जन्म कोलकात्याच्या एका लहान कारखान्यातला. अंग प्लायवूडचं, नाव कुणाला माहीत नाही, म्हणूनच साध्या माणसाला परवडणारी. निपाणीत तंबाखूच्या वखारीत कारकून असलेल्या हरिभाऊंनी मला तरुणपणी घेतलं. पुढं त्यांची बोटं आखडली आणि मी कपाटावर गेले. पण लाकूड वाळत गेलं तसा माझा आवाज मोकळा झाला. माझ्याच तोंडानं सांगतेय, पण खरं आहे.

गेल्या वर्षी कंग्राळीचा रंगारी महादेव त्यांच्याकडं रंगकामाला आला.

"घरात वाजवणारं कोण हाय का रं?" हरिभाऊंनी विचारलं.

"पोरगी हाय, आरोही. गिटार पायजे म्हणून जीव खाल्लाय तिनं."

अशी मी कंग्राळीला आले. आरोहीला दुकानातली काळी, चकचकीत गिटार हवी होती. मला बघून तिचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं, लपवत नाही.

तरी तिनं मला पुसलं, नव्या तारा घातल्या आणि भजनात साथ करायची म्हणून गावच्या भजनी मंडळाच्या पट्टीत लावायला खुंट्या पिळत सुटली. ती पट्टी भलतीच उंच, आणि मंडळाला तिचाच तोरा. मला ताण सोसेना. तारा धरणारी घोडीच उचकटली. बेळगावच्या पेटी दुरुस्त करणाऱ्यानं ती चिकटवून बजावलं, "खालीच लाव हिला. वर ओढलीस तर संपली."

आरोहीचे आजोबा, भावकू आप्पा, एकेकाळी मंडळाचे मुख्य गाणारे. वयानं त्यांचा आवाज उतरला, मंडळ काही उतरेना. आप्पा टाळ धरून नुसते ओठ हलवायचे. मग जाणंच सोडलं.

एका संध्याकाळी आरोही मला खालच्या सुरात वाजवत बसली होती. बाजेवर पडलेले आप्पा उठून बसले आणि चक्क गायला लागले, भरल्या गळ्यानं. माझं सगळं अंग घुमलं.

"आप्पा, गुरुवारी देवळात चला."

"न्हाय गं. भरमा पट्टी खाली आणायचा न्हाय."

भरमा पेटीवाला. तरी गुरुवारी आरोही आप्पांना देवळात घेऊन गेलीच. माझा सूर ऐकून भरमा म्हणाला, "एवढ्या खाली? दुसऱ्या गावची मंडळी हसतील की, पोरी."

"हसू देत. आप्पा गाणार हायत."

ती वाजवू लागली. आप्पांनी पहिली ओळ उचलली. भरमाची बोटं जरा घुटमळली, मग खालचा सूर शोधत आली. आणि मागच्या रांगेतले तिघे-चौघे म्हातारे एकदम गायला लागले. भरमानं वळून बघितलं. इतके दिवस तेही नुसते ओठच हलवत होते.

आता दर गुरुवारी निम्मं भजन माझ्या पट्टीत होतं. तुमच्या कपाटावर माझ्यासारखी कुणी पडली असेल, तर तिला काढा, पुसा, पण वर ओढू नका. बरं, येते मी. आप्पा टाळ घेऊन केव्हाचे दारात उभे आहेत.