दोघींत एक पाकीट

थोरली आणि धाकटी, सख्ख्या जावा, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहायच्या आणि दिवसातून एकदा तरी भांडायच्या. ज्या दिवशी भांडण ऐकू यायचं नाही, त्या दिवशी शेजारचे डोकावून विचारायचे, "कुणी आजारी आहे का गं?"

त्या सकाळचं भांडण कोंबडीवरनं झालं. धाकटीची कोंबडी थोरलीच्या लसणाच्या वाफ्यात शिरली आणि तिनं सगळी कोवळी पात उकरून टाकली.

"ताई, मुकं जनावर ते. त्याला काय बांध कळतोय?"

"जनावराला नसंल कळत, मालकिणीला तरी कळतो का? गाडी निघून जाईल एवढं खिंडार पडलंय तुझ्या कुंपणाला."

"ते तुमच्या बाजूनंच पडलंय!"

"म्हणजे मी पाडलं?"

"मी कुठं नाव घेतलं? चोराच्या मनात चांदणं!"

मधल्या भिंतीवर दोघींच्या पोरी पाय सोडून बसल्या होत्या आणि तोंडावर हात दाबून हसत होत्या. थोरलीची चिमणी, धाकटीची भिंगरी. दोघी चौदाच्या, दोन महिन्यांच्या अंतरानं जन्मलेल्या. चिमणी शांत, बोलायची तेही जमिनीकडं बघून. भिंगरी एका जागी घटकाभर टिकेल तर शपथ. विहिरीत सूर मारावा तर तिनंच. वरनं उडी घेतली की गावातले बाप्ये अंक मोजायचे, आणि ती दुसऱ्याच टोकाला वर येऊन त्यांच्यावर पाणी उडवायची. आया भांडत असल्या तरी पोरींचं ताट एक, वेणी घालायचा आरसा एक.

कांदे निघून रान मोकळं झालं होतं. माती तापून भेगाळली होती. भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशी. पेरणीला अडीच-तीन महिने होते, आणि तोवर बायकांच्या हाताला काम नव्हतं. अशात गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दूध डेअरीत पाकिटं भरायचं काम निघालं. एक टेंपोवाला आठवड्यातून दोनदा पोती घेऊन यायचा. दिसायला नीटनेटका, जिभेवर साखर. आल्याआल्या सगळ्यांना "मावशी, मावशी" करायचा.

पोत्यात गोळ्या असायच्या. मऊ, लाल, हिरव्या, पिवळ्या, अस्वलाच्या पिल्लासारख्या. रबरी हातमोजे घालून पाकिटात दहा-दहा टाकायच्या आणि पाकिटाचं तोंड गरम पट्टीखाली दाबायचं. पाकिटावर काळा चष्मा घातलेला एक ससा होता. दोन्ही दात बाहेर काढून हसणारा.

पहिल्याच दिवशी थोरलीनं विचारलं होतं, "कशाची रे ही गोळी?"

"फळांच्या रसाची, मावशी. शहरातली पोरं जीव टाकतात हिच्यावर."

"मग बघू का एखादी तोंडात टाकून?"

"खायची नाही, आणि बाहेर न्यायची नाही. कंपनीचा नियम आहे." मग लगेच हसून म्हणाला, "दाढेला चिकटली तर माझ्या नावानं ओरडाल."

तो गेल्यावर शेजारी बसलेली गिरणीवाली हळूच म्हणाली, "माणूस गोड, गोळी गोड, आणि तिच्यावर एवढा पहारा? कुठंतरी पाणी मुरतंय गं."

"तुला तर पिठातही खडे दिसतात," थोरली म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

ज्या पाकिटांवर ससा वाकडा छापला जायचा, ती भरलेली पाकिटं कोपऱ्यात एका खोक्यात टाकायची. त्यातलं एखादं कुणी ना कुणी पिशवीच्या तळाशी घालून घरी न्यायचं. पोरांसाठीच. थोरलीनं त्या दिवशी पहिल्यांदाच नेलं. दुपारी घरी आली तेव्हा शाळा लवकर सुटून दोघी पोरी दारातच बसलेल्या. सकाळच्या भांडणाचं तिला मनातून जरा वाईट वाटत होतं. पाकीट तिनं चिमणीच्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "घ्या. दोघींनी वाटून खा. आमच्यासारख्या भांडू नका."

भिंगरीनं तिच्या गळ्यात हात टाकले. "काकू, तू सगळ्यात भारी!"

चार वाजता भिंगरीला विहिरीतून काढली.

काठावर तिच्या चपला शेजारी शेजारी नीट ठेवलेल्या होत्या. जिनं आयुष्यात कधी चप्पल नीट काढली नाही, त्या पोरीच्या. चिमणी जरा लांब लिंबाच्या बुंध्याशी सापडली. डोळे उघडे, ओठांवर हसू, आणि हाक मारली तर ओ नाही. मग उलट्या सुरू झाल्या आणि पोर दोन दिवस झोपेतच राहिली. डॉक्टर म्हणाला, धक्का बसलाय. गाव म्हणालं, मासोळीसारखी पोहणारी पोर बुडालीच कशी? पोरीला पोचवून माणसं आपापल्या घरी गेली आणि भिंतीच्या पलीकडं आवाज बंद झाला.

असा बंद, की थोरलीला वेड लागायची पाळी आली. भांड्याचा आवाज नाही, कोंबड्यांना हाकलणं नाही. ती भिंतीला कान लावून उभी राहायची. पलीकडं धाकटी श्वास घेतेय का, एवढं तरी कळावं म्हणून.

पाकिटाचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि तिनं तो जात्याखाली दाबल्यासारखा दाबला. फळांच्या रसानं कोण मरतं? पंधरा दिवसांनी ती परत डेअरीत जाऊन बसली. घरात रिकामं बसवत नव्हतं. पण आता प्रत्येक पाकिटावरचा ससा तिच्याकडंच बघून हसतोय असं वाटायचं. पट्टीखाली त्याचं तोंड दाबलं तरी हसतोय. घरी आली, बादलीत वाकली, तर पाण्यात दोन पांढरे दात. रानात गेली तर भेगांच्या रेघांत लांब लांब कान. ती डोळे चोळायची. कुणाला सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

त्या दिवसापासून गप्प झालेली चिमणी एकविसाव्या दिवशी बोलली. थोरली तिचे केस विंचरत होती. पोरीनं एकाएकी फणी धरली.

"आई, भिंगरीला पाण्यात ससा दिसला."

थोरलीनं तिला आपल्याकडं वळवलं.

"आम्ही पाच-पाच खाल्ल्या. पहिल्यांदा काहीच नाही झालं. मग रंग वितळायला लागले. ती म्हणाली, खाली ससा आहे, बोलावतोय. चपला काढल्या. मला म्हणाली, तू थांब, मी विचारून येते." चिमणी खालच्या मातीकडं बघत होती. "मी अंक मोजत होते, आई. मला वाटलं, ती दुसऱ्या टोकाला निघेल. मोजत राहिले. अजून मोजते."

दुसऱ्या दिवशी थोरलीनं गिरणीवालीला डेअरीच्या मागं गाठलं आणि सगळं सांगितलं. गिरणीवालीचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

"मी एक चाटून बघितली होती," ती म्हणाली. "दिवसभर भिंती श्वास घेत होत्या. म्हटलं, ऊन लागलं असेल."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलू? माझ्याही घरात दोन पाकिटं आहेत. सगळ्यांच्याच आहेत. कुणाचं पोर एखादी खाऊन दिवसभर झोपलं, तर तेही उन्हावरच घातलं. झाकली मूठ आहे ती झाकलीच राहू दे, बाई. जी गेली ती परत येणार आहे का? उद्या तुझ्याच हातात बेड्या पडतील."

थोरली घरी आली. वाटेत तिला शाळेची पोरं भेटली, दप्तरं उडवत, एकमेकांच्या पाठीवर बसत. ह्यातल्या किती जणांच्या घरात, फळीवर, डब्याआड, तो ससा बसला असेल? तिचे पाय आपल्या दाराशी थांबले नाहीत. ते पलीकडच्या दारात गेले.

धाकटी अंगणात दगडावर कपडे धूत होती. धूत कसली, एकच कपडा होता. भिंगरीचा शाळेचा सदरा. घासघासून त्याची कॉलर विरली होती.

"धाकटे, मला बोलायचंय."

"बोला ताई."

थोरली उभ्या उभ्याच बोलली. बसली असती तर धीर सुटला असता. डेअरी, गोळ्या, वाकडा ससा, पाकीट. चिमणी काय म्हणाली तेही. काहीच मागं ठेवलं नाही. धाकटी सदरा पिळत राहिली, पाणी संपलं तरी.

"कुणाच्या हातानं दिलं?"

"माझ्या."

"काय म्हणून दिलं?"

"मी म्हणाले... दोघींनी वाटून खा."

धाकटी उठली. लग्न होऊन आल्यापासून तिनं थोरल्या जावेला कधी एकेरी हाक मारली नव्हती. कितीही भांडली तरी नाही.

"आयुष्यभर वाटणीवरनं भांडलीस तू माझ्याशी," ती म्हणाली. "बांधावरनं, पाण्यावरनं, लिंबाच्या सावलीवरनं. आणि हे मात्र बरोबर निम्मं दिलंस."

"मला मार, धाकटे. पण—"

"जा इथनं."

थोरली गेली. पण घरी गेली नाही. तशीच गावातल्या घराघरांतनं फिरली. प्रत्येक दारात एकच बोलली, "पाकीट असेल ते दे. भिंगरी त्यानं गेली." काहींनी दारं लावली. काहींनी कानावर हात ठेवले, "आमच्याकडं कुठलं आलं?" एक म्हातारी आत गेली आणि नातवाच्या उशीखालनं काढून घेऊन आली. ते बघून शेजारणीनं डब्यातलं आणलं. शेवटी गिरणीवाली स्वतःच आली, डोळे खाली घालून, दोन पाकिटं पदराआड धरून. नऊ पाकिटं झाली. सांज व्हायच्या आत थोरलीनं ती शाळेच्या मास्तरीणबाईंच्या टेबलावर ठेवली, आणि मास्तरीणबाई तिला घेऊन पोलीस चौकीवर गेल्या.

फौजदारानं तिला तीनदा विचारलं, "तुम्ही स्वतः भरत होता?"

"होय."

"आणि स्वतः पोरींना दिलंत?"

"होय साहेब. कुंपणानंच शेत खाल्लं. लिहून घ्या."

डेअरीला सील लागलं. पोती तपासायला गेली. गोळीत कसला नशेचा विषारी मसाला होता त्याचं नाव एवढं लांब होतं की कागदावर दोन ओळींत मावलं. टेंपोवाला मात्र परत आलाच नाही. गाडीचा नंबर खोटा, नाव खोटं, "मावशी" म्हणणंही खोटं. डेअरी भाड्यानं देणाऱ्यानं हात वर केले. थोरलीला चार-पाचदा चौकीवर जबाबाला जावं लागलं. काम गेलं म्हणून निम्म्या बायका तिच्याशी बोलेनात. राहिलेल्या निम्म्या, पोर मारली म्हणून बोलेनात. नवरा बोलायचा, पण जेवढ्यास तेवढं. चिमणी शाळेत जायला लागली, पण गणिताच्या तासाला उठून बाहेर जायची. तिला मोजणं सहन व्हायचं नाही.

धाकटी तर तिच्या सावलीवरनंही जायची नाही. पेरण्या झाल्या, पिकं गुडघ्याला आली, दोघी आपापल्या रानात शेजारी शेजारी खुरपायच्या, मध्ये एक बांध. थोरली कधी मान वर करायची. धाकटी कधीच नाही.

पिकं काढणीला आली तेव्हाची गोष्ट. बाजाराचा दिवस होता. थोरली विळ्याला धार लावायला बाजारगावात गेली होती. शाळा सुटली होती आणि पानाच्या टपरीपुढं पोरांचा घोळका होता. त्यात एक दहा-अकरा वर्षांची पोर, हातातलं पाकीट दातानं फाडत होती. पाकिटावर ससा नव्हता. मांजरीचं पिल्लू होतं, डोळा मिचकावणारं, गुलाबी. पण फाटल्या कोपऱ्यातनं हिरवं अस्वल डोकावत होतं.

थोरलीच्या हातनं विळा गळला. ती धावली आणि पोरीच्या हातातनं पाकीट हिसकावलं. पोर किंचाळली. तिची आई धावत आली.

"काय गं ए! पोरीचा खाऊ हिसकावतेस? लाज नाही वाटत?"

"हा खाऊ नाही बाई. विष आहे हे. ह्याच्यानं पोरी मरतात."

"टपरीत उघडउघड विकतात ते विष? शुद्धीवर आहेस का?"

गर्दी जमली. टपरीवाला आतनं ओरडला, "हिला ओळखतो मी. त्या डेअरीतली. हिनंच भरलेली पाकिटं, हिनंच पोरीला चारलेली. डोक्यावर परिणाम झालाय तिच्या." कुणीतरी हसलं. एकानं तिचा दंड धरला, दुसऱ्यानं पाकीट ओढलं. थोरलीनं ते छातीशी दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि खाली बसली. सगळीकडनं हात येत होते. "वेडी आहे," कुणीतरी म्हणालं. "सोडा, वेडी आहे."

"वेडी नाही ती."

आवाज मागनं आला. गर्दी बाजूला झाली. धाकटी उभी होती, डोक्यावर बाजाराची पाटी.

"वेडी नाही. जाऊ आहे माझी," ती म्हणाली. "आणि ती म्हणते ते खरं आहे. जी पोर गेली ती माझी होती. आता कुणाला हसायचं असेल त्यानं माझ्यापुढं येऊन हसावं."

कुणी आलं नाही. त्या पोरीच्या आईनं पोरीला जवळ ओढलं आणि तिचे दोन्ही खिसे उलटे करून बघितले. टपरीवाल्यानं टपरी बंद करायला फळीला हात घातला, तर तिथल्याच दोन म्हाताऱ्यांनी ती फळी धरून ठेवली आणि एकाला चौकीवर पळवलं.

पोलीस येऊन पंचनामा होईस्तोवर उन्हं कलली. मग दोघी गावाकडं निघाल्या. धाकटी तीन पावलं पुढं. मागं वळून एकदाही बघितलं नाही. थोरलीच्या पायाला खरचटलं होतं, ती लंगडत होती. पण कितीही मागं पडली तरी मधलं अंतर तीन पावलांचंच राहत होतं.