उन्नतीचं पोट

जया गेली हे धोंडबाला एका कंडक्टरनं सांगितलं.

सकाळी साडेनऊला त्यानं स्वतः तिला खापरखेड्याहून नागपूरच्या बसमध्ये बसवून दिलं होतं. खिडकीची जागा मिळाली होती. मांडीवर स्टीलचा मोठा डबा होता आणि डब्यात नातीसाठी भाजून दळलेलं तांदूळ-मुगाचं पीठ. उन्नतीला सहा महिने पूर्ण झाले होते. तिचा पहिला घास आपल्याच हातानं भरवायचा, असं जयानं ठरवलं होतं.

तासाभरानं जयाच्या नंबरावरून फोन आला आणि अनोळखी आवाज म्हणाला, "काका, ह्या बाई तुमच्या कोण लागतात?"

"बायको," धोंडबा म्हणाला.

 कंडक्टर म्हणाला, "दवाखान्यात आणलं आम्ही त्याईले. डॉक्टर म्हणतात, रस्त्यातच गेल्या. झोपल्यासारख्या बसल्या होत्या हो, कोणाले समजलंच नाही." आणि शेवटी त्यानं विचारलं, "हा डबा कोणाजवळ देऊ?"

सातव्या दिवशी भंतेजी आले, परित्राणपाठ झाला, पाहुणे जेवून गेले. लेक मेघा बापाला म्हणाली, "बाबा, आता इथं एकटे नका राहू. नागपूरले, आमच्याकडे मनीषनगरलेच चला." धोंडबानं खापरखेड्याच्या घराला कुलूप घातलं आणि दोन पिशव्या व तो डबा घेऊन लेकीकडे आला.

त्याच संध्याकाळी मेघानं डबा उघडला. पाणी किती घालायचं हे जयानं कोणाला सांगितलं नव्हतं. ती येऊन दाखवणार होती. मेघानं आपल्या अंदाजानं शिजवलं, चमचा उभा राहील इतकं घट्ट. घट्ट असलं म्हणजे पोटाला आधार होतो, असं तिला वाटलं. उन्नतीनं वाटी चाटूनपुसून खाल्ली. घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी हसलं.

मग तेच सुरू झालं. मेघा विमा कंपनीच्या ऑफिसात पुन्हा कामावर जायला लागली, जावई प्रीतम महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर, आणि पोर दिवसभर आजोबाजवळ. सकाळी पीठ, दुपारी पीठ, संध्याकाळी पीठ. मधे रडली तर केळं. घरात भाजी होती, फळं होती. पण आईच्या हातचं आहे तोवर दुसरं कशाला, असं मेघाला वाटे आणि धोंडबालाही. पाण्याचा थेंब कोणी देत नव्हतं. बाळंतपणात नर्सनं बजावलं होतं, सहा महिने पाणी द्यायचं नाही. सहा महिने झाले त्याच आठवड्यात जया गेली. नंतर त्या घरात दिवस कोण मोजत होतं?

महिना झाला आणि उन्नती कुंथायला लागली. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, आणि इतका जोर लावून हाती यायच्या शेळीच्या लेंड्यांसारख्या दोन गोळ्या. मग एक दिवस काहीच नाही, दुसऱ्या दिवशी काहीच नाही. चौथ्या दिवशी पोर अशी ओरडली की खालच्या मजल्यावरच्या प्रयागबाई जिना चढून आल्या.

"काहून रडवून राहिले गा पोरीले, धोंडबाभाऊ?"

"पोट साफ होत नाही तिचं."

"बस्स, एवढंच? साबणाची कांडी करा बारीक, एरंडीचं तेल लावा अन् सरकवा. पाच मिनिटांत मोकळी. माहे सात लेकरं तशीच वाढली."

"माह्या नातीले साबण? मी आहे तोवर नाही, बाई."

"मंग बसा तिच्या पोटावर तबला वाजवत," असं म्हणून प्रयागबाई गेल्या. पण दारातून मागं वळून पोरीकडं बघितल्याशिवाय गेल्या नाहीत.

दुपारी उन्नतीच्या लंगोटात रक्ताची एक रेघ दिसली.  धोंडबानं मेघाला ऑफिसातून बोलावून घेतलं आणि दोघं पोरीला घेऊन डॉक्टर शामलाताईंकडे गेले.

ताईंनी पोट चाचपलं, नीट तपासलं. "घाबरू नका. कडक शी बाहेर येताना कातडीला छोटी चीर पडली आहे, ती भरेल. वजन छान आहे, पोट मऊ आहे. खाते काय ही?"

"घरचंच," मेघा म्हणाली.

"घरचं म्हणजे काय?"

 मग धोंडबानंच नीट सांगितलं: पीठ, तीन वेळा, घट्ट, आणि केळं. पाणी नाही.

"तीच तर अडचण आहे," ताई म्हणाल्या. "पिठात वाईट काही नाही, पण एकटं पीठ, त्यात घट्ट, आणि वर पाणी नाही. थोडे दिवस हे पीठ आणि केळं कमी करा. पपई, नाशपती, भिजवून कुस्करलेल्या काळ्या मनुका गाळून, लाल भोपळा म्हणजे आपलं कोहळं, पालक हे सुरू करा. खाताना दोन-चार घोट उकळून गार केलेलं पाणी. आईचं दूध आहे तसंच चालू. मध नाही, एरंडेल नाही, साबण तर नाहीच. उलटी झाली, पोट टणक झालं, रक्त वाढलं, तर थांबू नका, लगेच आणा. नाहीतर सोमवारी दाखवा."

 घरी आल्यावर मेघानं डब्याचं झाकण दाबून लावलं आणि म्हणाली, "म्हणजे आईच्या हातचं खाऊन माही पोरगी आजारी पडली. असंच ना?"

"असं नाही वं."

"मंग कसं? आणि तुम्ही दिवसभर काय पाहून राहिले होते, बाबा? चार दिवस! एक तारखेपासून मी तिले पाळणाघरात टाकतो. तुमच्यानं नाही होत हे."

धोंडबाला ते लागलं. पाळणाघर लागलं तर त्याला त्या घरात काम उरत नव्हतं. खापरखेड्याला जाऊन बंद खोलीत बसायचं, एवढंच. पण त्याहून जास्त हे लागलं की मेघा खोटं बोलत नव्हती.

तो गॅलरीत जाऊन बसला. पस्तीस वर्षं त्यानं वीज केंद्रात राखेच्या विभागात काम केलं होतं. जळलेल्या कोळशाची राख पाण्यात कालवायची आणि मोठ्या पाइपातून राखेच्या तलावापर्यंत लोटायची, हे त्याचं काम. पाणी कमी पडलं की राख पाइपात बसायची. नवी पोरं पाइपावर हातोडे मारायची. धोंडबा त्यांना शिव्या द्यायचा. 'हातोड्यानं नाही होत बे, मागून पाणी सोड, राख पातळ कर!' पस्तीस वर्षं जे दुसऱ्यांना ओरडून सांगितलं, ते घरच्या वाटीत त्याला दिसलं नव्हतं.

तो उठून आत आला. "मेघा, मले सोमवारपर्यंत दे. नाही जमलं तर टाक पाळणाघरात, मी एक शब्द नाही बोलणार."

मेघानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पपई आणली. उन्नतीनं पहिला चमचा आजोबाच्या सदऱ्यावर थुंकला. दुसरा चष्म्यावर. नाशपती वाफवून दिली, तीही परत आली. मनुकांचं गाळलेलं पाणी तेवढं तिनं मिटक्या मारत घेतलं. धोंडबा तिचे पाय धरून सायकलसारखे फिरवत होता आणि म्हणत होता, "चल माय, चल, लाइन मोकळी कर." रात्रीपर्यंत तिच्या पोटात वाटीभरही काही गेलं नव्हतं. 

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या लक्षात आलं की पोरीला जयाच्या पिठाच्या वासाची सवय झाली आहे. त्यानं कोहळं आणि पालक मऊ शिजवून घोटले, त्यात जयाच्या पिठाचा फक्त एक लहान चमचा टाकला आणि पाणी घालून इतकं पातळ केलं की चमच्यातून धार पडावी. भाजलेल्या मुगाचा वास सुटला. ऑफिसची पर्स खांद्याला लावून निघालेली मेघा दारातच थांबली.

"आईच्या पिठाचा वास आहे हा."

"आहेच ना. तिचंच पीठ आहे. आपण घट्ट केलं, तिनं नाही. ती असती तर पहिल्याच दिवशी तुह्या हातातली वाटी हिसकून घेतली असती."

मेघानं पर्स खाली ठेवली आणि पहिला चमचा तिनंच भरवला. उन्नतीनं तोंड मिटलं, विचार केला, आणि पुन्हा आ केला. मेघाला त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला.

आणि त्याच दिवशी, दुपारी एक वाजता, पोर आजोबाच्या मांडीवर बसली असताना तिचा चेहरा लाल झाला.  ती ओरडली नाही. तिनं एकदा हूं केलं, आणि धोंडबाच्या धुतलेल्या पांढऱ्या पायजम्यावर ते असं झालं की लंगोट, पायजमा, सतरंजी, काही म्हणून सुटलं नाही. मऊ. भरपूर. पाच दिवसांचं.

"झाली!" धोंडबा पोरीला दोन्ही हातांनी उचलून गॅलरीत धावला. "प्रयागबाई! ओ प्रयागबाई! झाली!"

खालून बाई बाहेर आल्या. "काय झाली? परीक्षा पास झाली का?"

"फर्स्ट क्लास!"

"साबण लावला असन शेवटी!"

"साबण आता मले लागते! पायजम्याले!"

प्रयागबाई कमरेवर हात ठेवून हसत सुटल्या, आणि समोरच्या बिल्डिंगीतल्या दोन बायका कारण न कळताच त्यांच्यासोबत हसल्या.

धोंडबानं तसल्याच हातानं मेघाला व्हिडिओ कॉल लावला. "मेघा, झाली! दाखवू का?"

"बाबा, नका दाखवू! मी डबा खाऊन राहिली." मग तिनं आवाज खाली केला. "रक्त?"

"एक थेंब नाही."

"मऊ?"

"लोण्यासारखं."

"दाखवा मंग," मेघा म्हणाली, आणि ऑफिसातल्या चार बाया तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागल्या. पडद्यावर धोंडबाला लेक हसताना दिसली. दात दिसेपर्यंत हसत होती.

सोमवारपर्यंत उन्नती रोज, न रडता, मोकळी होत होती. पपई तिनं अजून मान्य केली नव्हती, पण नाशपतीला हरकत घेणं सोडलं होतं. शामलाताईंनी पोट चाचपलं आणि मेघाला विचारलं, "कोणी केलं सगळं?"

"बाबांनी," मेघा म्हणाली. "आता पाळणाघर नको. तेच सांभाळतात."

धोंडबा दवाखान्यातून निघाला तो छाती काढून. वाटेत भाजीवाल्याकडं थांबून त्यानं कोहळ्याची सगळ्यात मोठी फोड मागितली आणि भाव न विचारता घेतली.

तो मनीषनगरलाच राहिला. खापरखेड्याचं कुलूप अजून काढलेलं नाही. तिथला गॅस जयाच्या नावावर आहे, तो बंद करायचा राहिला आहे.