चॅसिस नंबरला दिलेली सावली

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात पेंटरचा जन्म गेला होता. वाकडा आकडा दिसला की त्याला जेवण जात नसे. आता त्याने नवी गाडी घेतली होती. नोंदणीसाठी तिच्या सीटखाली, पत्र्यावर ठोकलेल्या चॅसिस नंबरवर कागद धरायचा, पेन्सिल घासायची आणि उमटलेला ठसा अर्जावर चिकटवायचा, एवढंच काम. शोरूमच्या मेकॅनिकने ते केलंही होतं. पण ठसा कसला तो, राखेत लोळलेला! पेंटरने घरी बसून अख्खा नंबर बारीक ब्रशने गिरवला. आठाला तर सावलीसुद्धा दिली.

नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला.

"काका, हे काय?"

"चॅसिस नंबर."

"हे चित्र आहे. ठसा लागतो."

"नंबर चुकलाय?"

"नाही. फार छान आलाय. खरा ठसा इतका छान येतच नाही. अर्ज नामंजूर."

पेंटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या कचेरीत गिचमिड चालते, पुसट चालतं, चहाचा डाग चालतो. नीटनेटकं काम आलं की मात्र संशय! तात्पुरत्या नंबरची मुदत आज संपत होती. उद्या गाडी रस्त्यावर दिसली की जप्त. आणि उद्याच पाय प्लास्टरमध्ये असलेल्या बायकोला दवाखान्यातून सोडणार होते. "येईन तर आपल्या गाडीतून, नाहीतर इथेच राहीन," असं तिने सगळ्या वॉर्डाला ऐकवलं होतं.

"गाडी खाली उभी आहे," पेंटर म्हणाला. "चला, तुम्हीच घासा."

"ते माझं काम नाही."

"अहो, जा की!" रांगेतली एक बाई कडाडली. "खुर्चीला तरी जरा हवा लागेल!"

कारकून गेला. मागोमाग रांग गेली. साहेबाचं डोकं सीटखाली, बाकीचा साहेब दाराबाहेर. पहिला कागद फाटला. दुसरा घामाने भिजला. तिसऱ्यावर नंबर उमटला, पण शेवटचा आकडा सहा की आठ, देव जाणे. नाकाला काजळी लावून कारकून बाहेर आला आणि हळूच म्हणाला, "काका, तुमचा हात चांगला आहे. एवढा आकडा जरा गडद करता?"

"छे छे! चित्र होईल ते!"

रांग खदखदून हसली. तेवढ्यात बायकोचा फोन. पेंटरने साहेबाला कसं गुडघ्यावर आणलं ते रंगवून सांगितलं.

"झाली का नोंदणी?"

"नाही, पण..."

"अहो, त्याची जिरवताय की माझी? मी घरी यायचं की नाही?"

पेंटरने मुकाट पेन्सिल मागितली. काळजावर दगड ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक आकडा मुद्दाम वाकडा, पुसट, गचाळ काढला.

"आता कसा खरा वाटतो!" म्हणत कारकुनाने शिक्का हाणला.

शिक्काही तिरका बसला. पेंटरने डोळे मिटून कागद उचलला आणि सुटला.