देणाऱ्याचं नाव नसलेली डबी

“अरे, मुलीची वेणी ओढल्यासारखी फीत काय ओढतोस? डबी चेपली ना!” नेल्सीने येइसनच्या हातातून डबी काढून घेतली. “आणि हा झाकणावर डिंकाचा अंगठा! ठेव ती बाजूला. विकायची नाही.”

“त्याला वेण्यांचीच सवय आहे, दोन्या नेल्सी,” त्याची वर्गमैत्रीण लूस दारी म्हणाली.

पाल्मिरा शहरातल्या त्या शाळेच्या कचेरीत सप्टेंबर आला की कागदपत्रं कपाटावर जात आणि टेबलावर रंगीत पुठ्ठा, डिंक, फिती येत. तिकडे हा प्रेम आणि मैत्रीचा महिना. अकरावीची मुलं मिठाईच्या डब्या विकून समुद्रावरच्या सहलीचे पैसे जमवत. बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नसे. डबीवर घेणाऱ्याचं नाव असे, देणाऱ्याचं नाही. ते ओळखायचं, त्यातच गंमत. नेल्सी शाळेची कारकून; मुलं तिला मानाने ‘दोन्या’, म्हणजे बाई, म्हणत. मुलगी मारिसेल अकरावीत होती तेव्हा ती पहिल्यांदा डब्या दुमडायला बसली, आणि मग बसतच राहिली.

मारिसेल आता स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते. दर सप्टेंबरला त्या वर्षीच्या मुलांच्या फोनवर तिचा निरोप यायचा : आईसाठी एक डबी, पेरूच्या वड्या जास्त, खोबऱ्याची एकही नको. खोबऱ्याच्या नुसत्या वासाने नेल्सीला मळमळतं, हे घरातल्या माणसालाच ठाऊक. पण यंदा जूनपासून मारिसेलचा फोन नव्हता की निरोप. ‘कामात असेल,’ असं नेल्सी सगळ्यांना सांगायची. हल्ली कुणी विचारत नव्हतं.

“परदेशातून काही मागणी आली का रे?” फीत कापता कापता तिने विचारलं.

येइसनने लूस दारीकडे पाहिलं. “सगळे निरोप अजून बघितले नाहीत, दोन्या नेल्सी.”

“नीट बघा. लोक लांबून पाठवतात, एखादा राहून जायचा.”

शुक्रवारी वाटप झालं. वर्गावर्गांतून हसणं, चिडवणं ऐकू येत होतं. व्हरांड्यात पावलं वाजली की टंकलेखन करणारी नेल्सीची बोटं थांबत, पावलं पुढे गेली की पुन्हा चालू होत. मधली सुट्टी संपत आली तेव्हा येइसन दारात आला. मागे अर्धा वर्ग.

“ही तुमची. कुणाची ते विचारायचं नाही, नियम आहे!”

पांढरी डबी, निळी फीत. कडा तिनेच दुमडलेल्या. झाकणाच्या कोपऱ्यावर डिंकाचा अंगठा.

तिने झाकण उघडलं. पेरूच्या वड्या, दुधाच्या वड्या आणि मधोमध, सगळ्यांत मोठी, खोबऱ्याची.

“ओळखा ना, कुणाची?” लूस दारीचा आवाज जरा जास्तच आनंदी होता.

नेल्सीने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. “ओळखायचं काय त्यात? माझ्या पोरीची. दुसरं कोण आठवण ठेवणार?”

“मग ती मधली खा आधी!” लूस दारी म्हणून गेली. “माझ्या आजी— म्हणजे, मस्त दिसतेय.”

नेल्सीने वडी उचलली. सावकाश चावत सगळी खाल्ली, बोटांवरचा कीससुद्धा.

“आजीला सांग,” ती म्हणाली, “मारिसेलने फार छान वडी पाठवलीय.”

लूस दारी लाल झाली. घंटा वाजली, मुलं पळाली. नेल्सी तांब्याभर पाणी प्यायली, तरी घशातला वास जाईना.

तेवढ्यात संगीताचे मास्तर हजेरीपट न्यायला आले. “अरे वा! आली वाटतं?”

“आली ना. घ्या, पेरूची घ्या.” तिने डबी पुढे केली. झाकण तिने दुसऱ्या हातात धरलं होतं, आणि डिंकाच्या डागावर आपला अंगठा घट्ट दाबून ठेवला होता.