खिडकीवरचा चंदेरी कागद

गोविंदाला अन्नपूर्णाबाईंना एकच गोष्ट सांगायची होती, आणि नेमकी तीच सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. साखरखेर्ड्याहून धाड गावी येईपर्यंत एसटीत त्याने ती शंभरदा मनात घोळवली.

तो आणि बाईंचा मुलगा अश्वजित, दोघांच्याही पायाला भिंगरी. या वर्षी दोघे पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिमाचलातून लडाखकडे पायी निघाले. आठवडाभर चाललं की एखादं बाजाराचं गाव लागायचं. तिथे डाळ-तांदूळ भरायचे, गरम पाण्याने आंघोळ करायची, की पुन्हा वर. अशा वाटेवर वजन हाच वैरी, म्हणून ओझं वाटून घेतलेलं. तंबू गोविंदाकडे, औषधं आणि चंदेरी चादर अश्वजितकडे. चादर म्हणायची एवढंच. चॉकलेटच्या कागदासारखी पातळ, पण गुंडाळून बसलं की अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही.

एका उंच खिंडीखाली अश्वजित नाल्यात पडला. कपडे भिजले, झोपायची बॅग भिजली, आणि वरून बर्फाचा वारा. गोविंदाने स्वतःची बॅग त्याच्यावर घातली, तरी हुडहुडी थांबेना. चादरीसाठी सॅक पालथी केली. चादर नव्हती. "हरवली वाटते बे," अश्वजित म्हणाला. उजाडायच्या आत तो गेला. उजाडल्यावर मेंढपाळ आले. तेवढा वेळ चादरीने निभावून नेलं असतं, हे गोविंदाच्या मनातून जात नव्हतं. निघताना आपण सामान तपासलं नाही, हे त्याला अश्वजितच्या आईसमोर कबूल करायचं होतं. खरं सांगायचं तर त्याला कुणाकडून तरी शिव्या खायच्या होत्या.

अन्नपूर्णाबाईंचं किराणा दुकान बाजाराच्या तोंडाशीच. थंडीने काळवंडलेली त्याची बोटं बाईंनी हातात घेतली, कुरवाळली, आणि चहा ठेवला. गोविंदाने मान वर केली. पश्चिमेच्या खिडकीला, गुळाच्या ढेपेवर ऊन येऊ नये म्हणून, चारी कोपऱ्यांना खिळे मारून ती चादर लावलेली होती.

त्याची नजर पाहून बाईच सांगू लागल्या. निघायच्या आदल्या दिवशी अश्वजितने सगळं सामान दुकानाच्या काट्यावर तोललं. दात घासायच्या ब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापली. आईच्या डिंकाच्या लाडवांना मात्र वजनापायी नाही म्हणाला. पण आईच्या मायेपुढे काट्याचं काय चालतंय! तो झोपल्यावर त्यांनी सॅक उघडली, हा चमकणारा कागद बिनकामाचा म्हणून काढला आणि त्या जागी लाडवांचा डबा सरकवला.

"खाल्ले का रे त्यानं?"

"हाव, मावशी. आवडीनं खाल्ले. मी तं त्याच लाडवांवर वाचलो." हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच त्याला रडू फुटलं.

"उपाशी नाही गेला मंग," बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "काही कमी तं नाही पडलं त्याले?"

ठरवून आणलेलं सगळं गोविंदाने गिळलं. "नाही, मावशी. सगळं होतं."

पण उद्या डोंगर चढणारा दुसरा कुणी मित्र येईल आणि खिडकीकडे पाहून चटकन कागदाचं खरं काम बोलून जाईल. म्हणून निघताना त्याने तो कागद मागून घेतला, अश्वजितची आठवण म्हणून. बाईंनी खिळे काढले, नीट घडी घातली. दुकानात जन्म गेलेला हात. कुणाला काही द्यायचं म्हटलं की आधी काट्याकडे जातो. घडी काट्यावर ठेवली गेली.

आकडा पाहून त्या थांबल्या. मोकळ्या खिडकीतून गुळावर ऊन पडलं होतं.

"काहीच वजन नाही रे याचं," त्या म्हणाल्या. "राहू दिला असता तरी चाललं असतं." मग त्यांनी गोविंदाच्या तोंडाकडे पाहिलं. "कामाचा होता का हा?"

नाही म्हणायचं होतं. गोविंदाला जरासा उशीर झाला.