मागच्या दाराची दोरी

"पाय धर तिचे. हां, आता हळू सरकव," केसरीनाथ म्हणाला, आणि तनयाने आईला गादीवर घेतलं. कामतघरच्या चाळीतली निम्मी माणसं तोंडात ब्रश धरून हा सोहळा बघत उभी होती. एरवी ज्या बंद टेम्पोत कापडाचे ताके जायचे, त्यात आज गादी, दोन उशा, स्टोव्ह, पाण्याचा कॅन आणि माधवी.

"काय रे, घर हलवतोस काय?" शेजारच्या रामनाथने विचारलं.

"घरच हाय हे. चाकावरचं," उत्तर गादीवरून माधवीनेच दिलं, आणि तेवढ्यानेही तिला धाप लागली.

खूळ तिचंच होतं. हृदय थकल्यामुळे आठ महिने ती अंथरुणाला खिळली होती. तनयाच्या मोबाइलवर ती एकच प्रकार बघायची. परदेशातली नवरा-बायको, गाडीतच पलंग, गाडीतच चूल, आणि मागचं दार उघडलं की समोर डोंगर. एकदा नवऱ्याला म्हणाली, "गाडी तर तुमच्याकडं पण हाय. सव्वीस वर्षं घाट चढताय. मला कवा दाखवलात?"

खोटं काय होतं त्यात? पूर्णा गावच्या गोदामातून नाशिकला माल नेताना हा बाबा कसाऱ्याचा घाट चढून वर धरणाकाठी एका आंब्याखाली थांबायचा, स्वतःच्या हाताने चहा करून प्यायचा आणि घरी येऊन त्या जागेचं वर्णन करायचा. बायकोला मात्र त्याने पडघ्याच्या बाजारापलीकडे कधी नेलं नव्हतं. सवड नाही, म्हणायचा. सवड मिळत नसते, काढावी लागते, हे त्याला डॉक्टरांनी 'पावसाळ्यापर्यंतचं काही सांगता येत नाही' म्हटल्यावर कळलं. डोंगर हिरवे व्हायची वाट बघण्यात आता अर्थ नव्हता. मार्चचे पिवळे तर पिवळे.

टेम्पोचे मालक फखरुद्दीनशेठ लगेच हो म्हणाले. "रविवारी गाडी उभीच असते, घेऊन जा. फक्त मागे हवेचं बघ. पत्र्याचा डबा आहे तो. भाभी गुदमरतील."

म्हणून केसरीनाथने नवी नायलॉनची दोरी आणली होती. मागच्या दाराला दोन झडपा. त्यातली एक वीतभर उघडी ठेवून दोरीने बांधायची. दोन्ही मिटून लोखंडी दांडा पाडला की आत मिट्ट काळोख, आणि दांडा उघडतो तो बाहेरूनच. कामतघरहून निघताना त्याने दोरीला तीन गाठी मारल्या आणि ओढून बघितल्या. वळणावर आईला धरायला तनया मागेच बसली.

पडघ्याला त्याने शहाळं घेतलं. दोरी सोडून खांद्यावर टाकली आणि दोन्ही झडपा उघडल्या. माधवी दोन घोट प्यायली. उन्हात तिचा चेहरा बरा दिसत होता, निदान त्याला तरी तसं वाटलं.

"चहा सांगू?" त्याने विचारलं.

"आता न्हाय. वर गेल्यावर. तुमच्या हातचा."

एवढं एक मागणं तिने केलं होतं, आणि ते आपण पुरं करणार म्हणून केसरीनाथ खूश होता. कित्येक वर्षांत इतका खूश झाला नसेल. तेवढ्यात मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दाबून धरला. "ए भाई, गाडी निकाल!" केसरीनाथने झटक्यात दोन्ही झडपा मिटल्या, दांडा पाडला, पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि पळत जाऊन गाडी काढली. सव्वीस वर्षं हात हेच करत आले होते. ते त्याला विचारायला थांबले नाहीत.

पुढे बरंच अंतर कापल्यावर घाट लागला. गाडीचा वेग पडला तसा दुसऱ्या वळणावर मागून पत्रा वाजलेला ऐकू आला. पुन्हा वाजला. केसरीनाथने गिअर बदलला. ताका सुटला की असाच वाजतो. आणि चढावर गाडी थांबवायची नाही, हा धंद्यातला पहिला धडा. थांबलेली भरली गाडी पुन्हा उचलत नाही.

"वर गेल्यावर बघू," तो स्वतःशी म्हणाला.

आज मागे ताके नाहीत हे त्या दहा मिनिटांत आपल्याला आठवलं कसं नाही, हे तो पुढे स्वतःला रोज विचारणार होता. पत्रा वाजत राहिला. मग वाजायचा थांबला. माल जागेवर बसला, असं त्याला वाटलं.

आंब्याखाली त्याने टेम्पो मागे घेऊन नीट लावला. दार उघडलं की समोर पाणी आणि पाण्यापलीकडे डोंगर, अगदी त्या मोबाइलमधल्यासारखं. हसतच तो मागे आला. दोरी सोडायला हात पुढे केला, तर दांडा पडलेला होता. दोरी त्याच्या खांद्यावर होती.

दांडा उघडायला त्याला दोनदा हात लावावा लागला.

आतून गरम वाफ अंगावर आली. तनया घामाने भिजली होती. तिच्या हातात स्टीलचा पेला होता, त्याची कड वाजवून वाजवून चेपली होती. आईचं डोकं तिच्या मांडीवर होतं. माधवीचे डोळे उघडे होते, दाराकडेच होते, पण त्यांना आता काही दिसत नव्हतं.

"किती वाजवलं, बाबा," तनया म्हणाली. आवाज चढवायचं त्राणही तिच्यात उरलं नव्हतं. "फोनपण लागत नव्हता. शेवटी आईच म्हणाली, राहू दे, चढावर थांबता येत न्हाय त्यांना."

केसरीनाथ खाली मातीत बसला. बऱ्याच वेळाने उठला. त्याने स्टोव्ह बाहेर काढला, दगडावर ठेवला, आणि मग तसाच उचलून परत आत ठेवला. बायकोच्या अंगावरची चादर सारखी केली. एक झडप मिटली, दुसरी वीतभर उघडी ठेवली आणि दोरी बांधायला घेतली.

"आता कशाला बांधताय?" तनयाने आतून विचारलं.

"हवा लागंल तिला," तो म्हणाला.

उतारावर तो प्रत्येक वळणाला गाडी थांबवत होता. खाली उतरून मागे जायचा, दोरी चाचपायचा आणि परत येऊन स्टिअरिंगवर बसायचा. मागे गाड्यांची रांग लागली होती. सगळे हॉर्न वाजवत होते.