पहिला टप्पा

ऋतुजानं पाइपाच्या मागच्या तोंडावरच्या चिकटपट्टीत टोच्या खुपसला. फाट्कन आवाज झाला आणि पुढच्या तोंडावरची पट्टी फोडून चेंडू सुटला.

मैदानाच्या पार टोकाला उभ्या असलेल्या शिवप्पाला तो दिसलाच नाही. डाव्या हाताला काहीतरी टप्कन वाजल्यासारखं वाटलं. तो लगबगीनं तिकडं गेला, वाकून चेंडू हाताला लागला त्याच्या जरा अलीकडं झेंडी रोवली. ऋतुजा पाइपापासून आखलेल्या चुन्याच्या रेघेवरून टेप ओढत आली. सत्तावीस मीटर साठ. आकडा वहीत लिहिताना तिचा चेहरा उतरला.

शिवप्पा लातूरच्या त्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचा परिचर होता. एकोणतीस वर्षं झाली होती. काट्यावरची बारीकातली बारीक रेघ वाचायची तर पोरं म्हणत, मामांना विचारा. दिवाळीपासून मात्र त्याच्या डोळ्यांपुढं दूध सांडल्यासारखं झालं होतं. मोतीबिंदू असणार, हे त्यालाही कळत होतं. ऑपरेशनची त्याला भीती नव्हती. शिवप्पाला दिसत नाही, असं कुणी म्हणेल याची होती. घरी बायकोला, पार्वतम्मालाही त्यानं सांगितलं नव्हतं.

ऋतुजा किल्लारीची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तिनं तीन मीटरच्या प्लास्टिकच्या पाइपाची तोफ केली होती. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून आणलेल्या पंपानं पाइपातली हवा ओढून घ्यायची. मागची पट्टी फोडली की बाहेरची हवा आत घुसते आणि टेबल टेनिसचा चेंडू भिरकावून देते. तो किती लांब पडेल, याचं गणित तिनं संगणकावर मांडलं होतं. हवेचा अडथळा धरून उत्तर यायचं बावीस मीटर. चेंडूचा पहिला टप्पा पडेल तिथं झेंडी रोवायचं काम शिवप्पाचं. टप्पा दिसत नसे, म्हणून चेंडू घरंगळत जाऊन थांबे तिथून तो अंदाज बांधी. कधी पंचवीस, कधी एकतीस. चाळीस वेळा तोफ उडाली होती आणि एकदाही बावीस आले नव्हते. नांदेडची विज्ञान प्रकल्पांची स्पर्धा चार दिवसांवर आली होती.

त्या दुपारी प्रयोगशाळेत तिचा प्रकल्प बघणाऱ्या मॅडमनी तिची वही सगळ्यांसमोर उघडली. आकडे जुळवण्यासाठी ऋतुजानं वहीतल्या गणितात हवेचा अडथळा निम्म्यावर आणला होता. मॅडमनी विचारलं, आजवरची सगळी पुस्तकं चुकली की तू?

ऋतुजा खाली मान घालून म्हणाली, "माझंच कुठंतरी चुकायलंय मॅडम. मोजमाप तर बरोबर हाय. शिवप्पामामा चुकत न्हाईत."

शिवप्पा मागं बाटल्या पुसत होता. त्याचा हात थांबला. आत्ता बोलावं असं वाटलं, पण त्यानं पुढची बाटली उचलली. मॅडम वही टाकून निघून गेल्या, पोरंही पांगली. ऋतुजा एकटीच फळ्यापाशी गेली आणि महिनाभर तिथं जपलेलं मूळ गणित पुसायला लागली. बरोबर असलेलं गणित.

तो तिच्यामागं जाऊन उभा राहिला.

"पुसू नको बाळ. मला दिसत न्हाई."

तिला आधी समजलंच नाही. मग तिनं हळूच विचारलं, कधीपासून. दिवाळीपासून, तो म्हणाला. तिनं वहीतली चाळीसच्या चाळीस मोजमापं बोट फिरवत खालपर्यंत पाहिली. ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "राहू द्या मामा. चुन्याची रेघ वाकडी पडली होती म्हणते मॅडमला."

ती तसं सांगायला गेलीही. तो दाराबाहेर उभा राहून ऐकत होता. मॅडम तिला निष्काळजीपणाबद्दल बोलू लागल्या तेव्हा मात्र तो आत गेला. चुना बरोबर पडला होता, म्हणाला. आपणच अंदाजानं झेंड्या लावल्या, आणि पोरगी बोलणी खात असताना गप्प बसलो, हेही सांगितलं. मॅडमनी शांतपणे सांगितलं की उद्यापासून झेंड्या ऋतुजाची मैत्रीण पुनम लावेल.

दुसऱ्या दिवशी शिवप्पा पंपापाशी बसला. लांबून पुनमचा आवाज आला. एकवीस मीटर नव्वद. मग बावीस दहा. मग बावीस. ऋतुजा हसली आणि त्याच्याकडं बघून लगेच गप्प झाली. तो पंपाच्या नळीवरची धूळ पुसत राहिला. नळीवर धूळ नव्हती.

संध्याकाळी अहवाल लिहिताना तिनं जुन्या चाळीस आकड्यांवर एकच आडवी रेघ मारली. बाजूला कारण लिहायचं होतं. त्यानं वाचायला सांगितलं.

"निरीक्षकाच्या दृष्टिदोषामुळं रद्द," तिनं वाचलं.

"निरीक्षक म्हंजे कोण, ते न्हाई लिहिलं."

"गरज नाही मामा."

"लिही."

तिनं नाव लिहिलं. त्यानं पेन मागून घेतलं, डाव्या हाताच्या बोटानं कागदाची कड चाचपली आणि नावाखाली सही केली. सही रेघ सोडून खालच्या आकड्यांवर गेली. ऋतुजानं ती तशीच राहू दिली.